दात हलतो म्हणून काढायचा?

(हिरड्यांच्या विकारांवर उपचार करणाऱ्या एका दंतवैद्यांच्या आकाशवाणीवरील भाषणाचा हा संपादित भाग.)



ब्रश करताना हिरडीतून रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावणंच सोडून दिलं, असं सांगणारा एक तरी रुग्ण मला आठवड्यातून भेटतो. बोटाला कापलं आणि ते रोज वाहायला लागलं, तर आपण दोन दिवसही थांबणार नाही. हिरडीतून रोज सकाळी बेसिनमध्ये गुलाबी पाणी पडतं, ते मात्र वर्षानुवर्षं चालवून घेतो. 'उष्णता झाली असेल' म्हणून गुलकंद खाल्ला जातो, तुरटीच्या गुळण्या होतात, कुणी हळद-मीठ चोळतं. मग एक दिवस भाकरीचा तुकडा तोडताना पुढचा दात हलतो आणि माणूस धावत येतो. तोपर्यंत आतलं निम्मं हाड गेलेलं असतं.

यात रुग्णाचा दोष मी फारसा मानत नाही. हा आजारच मुका आहे. किडलेला दात रात्री झोपू देत नाही. हिरडीचा आजार दुखत नाही, ठणकत नाही, कामावर खाडा करायला लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार गंभीर स्वरूपाच्या हिरडीरोगाचे रुग्ण जगात १०० कोटींहून अधिक आहेत. आपल्याकडे त्याला सरसकट 'पायोरिया' म्हणतात. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणाऱ्या रोगांमध्ये 'दंतवेष्ट' सांगितला आहे. त्याची लक्षणं म्हणजे पू येणं, रक्त येणं आणि दात हलणं. म्हणजे रोग जुनाच आहे.

आता आत नेमकं काय होतं ते पाहू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो आणि त्या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो. हिरडीच्या कडेशी जंतूंचा चिकट थर साचतो. तो वेळच्या वेळी निघाला नाही तर कडक होऊन त्याचं किटण बनतं. त्या जंतूंशी लढता लढता आपल्याच शरीरात जी सूज धुमसत राहते, तिच्यात हे तंतू तुटतात आणि हाड विरघळायला लागतं. हिरडी दातापासून सुटते आणि मधे एक फट तयार होते. तिला आम्ही पॉकेट म्हणतो. या खिशात ब्रश पोचत नाही, चूळ पोचत नाही. जंतूंना राहायला याहून सुरक्षित जागा नाही.

नुसती हिरडी सुजलेली असेल तर ती पूर्ण बरी होते. हाड गेलं की ते आपोआप परत येत नाही, ही यातली मुख्य गोष्ट. आणि हाडही दोन तऱ्हांनी जातं. शेतकरी श्रोत्यांना हे लगेच कळेल. कधी सगळा बांध पावसागणिक सारखा खाली खाली खचत जातो, तशी हाडाची आडवी झीज होते. कधी बांध बऱ्यापैकी उभा असतो, पण एका झाडाच्या मुळाशी पाणी मुरून खोल खड्डा पडतो. दाताच्या एका अंगाला असाच उभा खड्डा पडतो, आणि त्याच्या दोन-तीन बाजूंच्या भिंती अजून शाबूत असतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण आजच्या विषयाचं सगळं गणित त्यावर आहे.

खड्डा किती खोल आहे हे बघायला आमच्याकडे खुणा केलेली एक बोथट सळई असते. ती हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच घालून मोजतात. १ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजायचं असतं. तुमच्या दंतवैद्यांनी असं मोजलं नसेल आणि थेट शस्त्रक्रियेचं किंवा दात काढायचं बोलत असतील, तर मोजायला सांगायला संकोच करू नका. एक्स-रेही हवाच.

पहिला उपचार शस्त्रक्रिया हा नव्हेच. दातांवरचं आणि हिरडीच्या आतलं किटण काढायचं, मुळं साफ करायची आणि रुग्णाला दात घासायला, दोन दातांमध्ये बारीक ब्रश फिरवायला नीट शिकवायचं. इथे एक समज आडवा येतो. 'साफ करून घेतलं की दात सैल होतात' हे वाक्य मी हजार वेळा तरी ऐकलं असेल. दात आधीच सैल झालेले असतात. किटणाच्या ढेपेनं ते एकमेकांना चिकटून धरलेले असतात, आणि ढेप निघाली की खरी अवस्था कळते, एवढंच. साफसफाईनंतर सूज उतरते, खिसे उथळ होतात. दोन-तीन महिने थांबून पुन्हा मोजायचं. पुष्कळांना त्यापुढे काहीच करावं लागत नाही. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत चार-पाच मिलिमीटर उरलेल्या खिशांसाठी पुन्हा साफसफाईच सुचवली आहे. शस्त्रक्रियेचा विचार सहा किंवा अधिक मिलिमीटर उरले तर. आणि तिथे तीन मिलिमीटर किंवा अधिक खोलीचा उभा खड्डा असेल, तर हाड पुन्हा भरून आणण्याची शस्त्रक्रिया करावी, हिरडी कमीत कमी उचलावी आणि दोन दातांमधली हिरडी होता होईल तो राखावी, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे.

हे 'कमीत कमी उचलावी' पूर्वी नव्हतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला असं मानत की हिरडीखालचं हाड कुजलेलं असतं, ते खरवडून टाकलं पाहिजे. हिरडीही कापून टाकत. १९३५ च्या सुमारास क्रोनफेल्ड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की हाड काही सडलेलं नसतं. त्याआधी स्वीडनच्या विडमन यांनी १९१८ मध्ये हिरडी कापून न टाकता पाकिटाच्या झाकणासारखी उघडायची, आत साफ करायचं आणि परत शिवायची अशी पद्धत मांडली होती. तीच सुधारत सुधारत 'फ्लॅप' शस्त्रक्रिया म्हणून जगभर रूढ झाली. मीही शिकलो ती हीच. तिनं लाखो लोकांचे दात वाचवले, हे आधी सांगितलं पाहिजे. पण एका दाताच्या खड्ड्यासाठी पाच-सहा दातांची हिरडी दोन्ही अंगांनी उघडावी लागे. बरं झाल्यावर हिरडी खाली बसे. दात लांब दिसत, गार पाण्यानं शिणशिणत, दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोणी शेंडा नाहीसा होऊन तिथे काळी फट दिसे आणि तिच्यात मेथीची भाजी अडके. रोग आटोक्यात येई, पण रुग्ण आरशात बघून नाराज होई. ही नाराजी आम्ही डॉक्टरांनी बरीच वर्षं फार मनावर घेतली नाही, असं माझं मत आहे.

जाता जाता एक गंमत सांगतो. अमेरिकेत हार्टफर्ड गावी जॉन रिग्ज नावाचे दंतवैद्य होते. ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स यांनी हसवणारा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. भूल देण्याच्या इतिहासातला तो मोठा दिवस. तो दात काढणारे हात या रिग्ज यांचे. पुढे त्यांनी हयात घालवली ती दात वाचवण्यात. हिरड्यांच्या या रोगाला कितीतरी वर्षं 'रिग्ज यांचा रोग' असंच नाव होतं. आणि हिरडी कापण्याला त्यांचा विरोध होता. मुळं स्वच्छ करा, असं त्यांचं म्हणणं. आज आपण नवं म्हणून जे सांगतो, त्याचं बी तिथे आहे.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आता तालुक्याच्या गावीही होते. आपल्या देशात ती पहिल्यांदा केली डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. छोट्या छेदाचा हा विचार त्याच काळात हिरडीपर्यंत आला. अमेरिकेतले हेन्री ताकेई यांनी १९८५ मध्येच दोन दातांमधला हिरडीचा शेंडा न कापता बाजूला सरकवायची रीत दाखवली होती. टेक्ससचे स्टीफन हॅरेल १९९५ पासून छोट्या छेदातून हिरडीची शस्त्रक्रिया करण्याबद्दल लिहू लागले. पुढे इटलीतल्या कोर्तेल्लिनी आणि टोनेटी या जोडीनं २००७ मध्ये आपली रीत मांडली आणि २००९ मध्ये ती आणखी आवरती घेतली. या दुसऱ्या रीतीत दाताच्या फक्त बाहेरच्या, म्हणजे गालाकडच्या बाजूनं हिरडीत एक छोटी खिडकी पाडतात. दोन दातांमधला शेंडा जागचा हलवतच नाहीत. आतली खराब झालेली मऊ पेशीजाळी त्या खिडकीतून कापून काढायची, मूळ घासून स्वच्छ करायचं, आणि केसासारख्या बारीक धाग्यानं एखाद-दुसरा टाका घालून खिडकी बंद करायची. डोळ्यांना हे दिसत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शक किंवा चष्म्यावर बसवायची भिंगं लागतात. रुग्णाला त्या जागेपुरतं बधिर केलेलं असतं. तो जागा असतो, सगळं ऐकत असतो.

छेद छोटा म्हणजे दुखणं कमी, सूज कमी, हे उघड आहे. पण खरा फायदा वेगळाच आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो. खड्डा साफ केला की त्यात रक्त भरतं आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी मुळाच्या पृष्ठभागाला चिकटून शांत राहिली, तर तिच्या आधारानं दाताभोवतीच्या तंतूंच्या पेशी हळूहळू आत येतात आणि नवं हाड, नवे तंतू तयार होऊ लागतात. पण हिरडी मोठी उघडलेली असेल तर बोलताना, गिळताना ती सरकते, गुठळी मुळापासून सुटते, आणि त्या फटीतून वरची त्वचा भराभर खाली उतरते. त्वचेच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा फार वेगानं पळतात. त्या एकदा मुळाला लागून खाली गेल्या की बाहेरून सगळं बरं दिसतं, पण आत दात बांधला जात नाही. ही शर्यत कशी थांबवायची याचा विचार १९८२ पासून चालू आहे. त्या वर्षी स्वीडनमध्ये नीमन, लिंडे आणि कारिंग यांनी मधे पडदा घालून त्वचेला अडवण्याची कल्पना माणसाच्या दातावर यशस्वी करून दाखवली. छोट्या खिडकीच्या शस्त्रक्रियेत न उचललेला हिरडीचा शेंडाच छपराचं काम करतो. गुठळीवर छप्पर, बाजूला हाडाच्या भिंती, म्हणजे निवारा तयार.

याचा पुरावाही आहे. कोर्तेल्लिनी आणि टोनेटी यांनी २०११ मध्ये ४५ रुग्णांचे तीन गट केले. एका गटात नुसती छोटी शस्त्रक्रिया, दुसऱ्यात हाडाची वाढ चेतवणारं प्रथिनांचं औषध, तिसऱ्यात ते औषध आणि वर हाडाची भुकटी. वर्षानं पाहिलं तर तिन्ही गटांत सुधारणा उत्तम होती आणि तिघांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. गट लहान होते आणि हात अत्यंत कसबी होते, हे विसरायचं नाही. प्रत्येक खड्ड्याला असंच होईल असंही नाही. पण महागड्या पुड्या घातल्याशिवाय हाड येतच नाही, हे म्हणणं त्यानंतर मला तरी पटत नाही.

त्या पुड्यांबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण ती आपल्याकडे सहसा बोलली जात नाही. हाडाची भुकटी पुष्कळदा गायी-बैलांच्या हाडांपासून केलेली असते. पडदेही त्यांच्या किंवा डुकराच्या कातडीपासून बनतात. मघाशी म्हटलं ते प्रथिनांचं औषध डुकराच्या वाढत्या दातांच्या कोंबांपासून काढतात. वैद्यकीयदृष्ट्या ते सुरक्षित केलेलं असतं. पण घरी कांदा-लसूणही न खाणाऱ्या माणसाच्या जबड्यात ते न सांगता घालणं मला मान्य नाही. आणि मुसलमान रुग्णालाही ते आधी सांगितलंच पाहिजे. पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेली भुकटी मिळते. रुग्णाच्याच हातातून थोडं रक्त काढून, ते यंत्रात फिरवून त्याची जेलीसारखी चकती करून घालण्याची रीतही आपल्याकडे चांगली रुळली आहे. स्वस्त पडते आणि धर्म आड येत नाही. तेव्हा 'डॉक्टर, आत काय घालणार आणि ते कशाचं?' हा प्रश्न जरूर विचारा.

लेसरचं काय, असं हल्ली सगळेच विचारतात. न कापता, न शिवता हिरडी बरी, अशा पाट्या शहरात दिसतात. अमेरिकेत एका विशिष्ट लेसर पद्धतीला २००४ मध्ये सरकारी परवानगी मिळाली, तिनं काही रुग्णांत चांगले निकाल दिल्याचे अहवालही आहेत. पण परवानगी वेगळी आणि इतरांपेक्षा सरस ठरणं वेगळं. युरोपच्या ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख केला, त्यांत खिशांच्या साफसफाईला जोड म्हणून लेसर वापरू नये असंच सुचवलं आहे. यंत्र वाईट नाही. त्याचे हप्ते मात्र कुणीतरी फेडायचे असतात.

माझ्याकडे एक प्राथमिक शाळेतल्या बाई आल्या होत्या. वय त्रेचाळीस. वरचे पुढचे दोन दात हलत होते. दोन्ही काढून नवे बसवा, असा सल्ला घेऊनच आल्या होत्या. बोलताना पदर तोंडासमोर धरत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, मुलं जवळ आली की मीच मागे सरते. वास येतो का हो माझ्या तोंडाला?" रोज तीस पोरांना मोठ्यानं कविता म्हणून दाखवणाऱ्या बाईंनी हे विचारावं, यातच त्या आजाराचं सगळं ओझं आलं. साखर तपासायला सांगितली, तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा नऊच्या वर. मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. मी शस्त्रक्रिया केली नाही. आधी फिजिशियनकडे पाठवलं, इकडे साफसफाई चालू ठेवली. चार महिन्यांनी साखर सातच्या आसपास आली, रक्त थांबलं, वास गेला. पुन्हा मोजलं तेव्हा एका दाताच्या आतल्या अंगाला आठ मिलिमीटरचा उभा, अरुंद खड्डा होता. दुसऱ्याचं हाड चारी बाजूंनी खचलेलं. मी त्यांना सरळ सांगितलं, "बाई, एक वाचेल असं वाटतं. दुसऱ्याचं वचन देत नाही." पहिल्याची छोटी शस्त्रक्रिया केली, पाऊण तास लागला. चौथ्या दिवशी त्या शाळेत होत्या. वर्षानं एक्स-रेत खड्डा बराचसा भरलेला दिसला. दुसरा दात दोन वर्षं टिकला आणि मग काढावाच लागला.

हे मुद्दाम सांगितलं, कारण छोटी शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी नाही. बांधच सरसकट खचला असेल तर तो भरवशानं पुन्हा उभा करण्याची विद्या अजून आपल्या हाती नाही. खड्डा दाताला वळसा घालून मागे जात असेल तर छोट्या खिडकीतून तो साफ होत नाही, मोठी उघडावीच लागते. हिरडी नुसतीच वर सरकून मूळ उघडं पडलं असेल, तर त्याच्या शस्त्रक्रिया वेगळ्या. आणि तंबाखू. विडी-सिगारेटनं हिरडीचा रक्तपुरवठा आवळला जातो, त्यामुळे रोग असूनही रक्त कमी येतं आणि माणूस समजतो की आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत. गुठळीचं घर बांधायला रक्तच हवं, तेच कमी. २०१८ मध्ये या रोगाची जी नवी वर्गवारी जगभर स्वीकारली गेली, तिच्यात दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी, किंवा साखरेचा तो आकडा सात किंवा त्याहून जास्त, असं असेल तर रोग वेगानं वाढणाऱ्या गटात धरतात. मिसरीबद्दल आपल्या बायकांमध्ये अजून 'ती तर दातांसाठीच लावते' असं म्हणतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती चालू असताना मी शस्त्रक्रियेची तारीख देत नाही. त्यावरून माझ्याशी भांडणं झाली आहेत.

शस्त्रक्रियेनंतर त्या जागेवर काही आठवडे ब्रश लावायचा नसतो. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिलेल्या असतात. त्यांनी दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा घेणाऱ्यांना जास्त. ते नंतर निघतात, घाबरू नका. त्या बाजूनं चावायचं नाही, जीभ लावून बघायचं नाही, ओठ ओढून शेजाऱ्याला टाके दाखवायचे नाहीत. हे हसण्यावारी नेऊ नका, गुठळी सुटते ती अशानंच. पुढे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. असे भरून आणलेले खड्डे वीस वर्षं टिकल्याचा अभ्यास आहे, पण त्यातले रुग्ण दर तीन महिन्यांनी साफसफाईला येत होते. आणि दात काढून इम्प्लांट बसवलं की ही कटकट संपली असं समजू नका. त्याच्याभोवतीही असाच रोग होतो, आणि तो आवरणं जास्त अवघड.

खर्चाची काळजी रास्त आहे. आरोग्य विम्यात दातांचे उपचार सहसा धरत नाहीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, इथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो, खासगीपेक्षा फार कमी पैशांत उपचार होतात. वेळ लागतो, रांग असते. जाताना साखरेचा रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल वर्षाकाठी इंजेक्शन घेत असाल तर ते न विसरता सांगा. आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दात दाखवायला जायचंय म्हणून ती आपल्या मनानं बंद करून जाऊ नका. तिचं काय करायचं ते दोन्ही डॉक्टर बोलून ठरवतील.